पहिला दिवाळसण, बहिणींची ओवाळणी आणि पोस्त: कर्ज न काढता हे सगळे कसे बसवावे?

अभय, नाशिक

फेब्रुवारीत माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले, त्यामुळे यंदा तिचा पहिला दिवाळसण आहे. मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ आला आणि जावयांना धोंड्याचे वाण द्यावे लागले; त्यात सुमारे ११ हजार रुपये खर्च झाले. वडील खासगी नोकरीतून निवृत्त झालेले असल्याने माहेरच्या बाजूने जे काही करायचे ते आता माझ्याकडेच आहे आणि ते मला मनापासून करायचे आहे. प्रश्न फक्त पैशांचा आहे, म्हणून आकडे मोकळेपणाने मांडतो.

हातात येणारा पगार ६२ हजार आणि घराचा हप्ता २१,५०० रुपये. दिवाळीसाठी म्हणून वेगळे ठेवलेले २४ हजार शिल्लक आहेत. दिवाळीपर्यंत ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर असे तीन पगार व्हायचे आहेत, आणि त्यांतून ओढूनताणून दरमहा ७ हजार बाजूला काढता येतील. म्हणजे एकूण ४५ हजार रुपये झाले.

आता खर्च असा आहे. जावयांना अंगठी ३२ हजार. त्यांचे व बहिणीचे कपडे आणि सासरच्या मंडळींचा आहेर १४ हजार. दोघी सख्ख्या बहिणींची ओवाळणी मिळून ६ हजार, चुलत बहिणींची २ हजार. बायकोला पाडव्याची भेट ४ हजार. घरकामाला येणाऱ्या मावशींची पोस्त अडीच हजार. मुलांचे कपडे व फराळ ९ हजार. बेरीज ६९,५०० होते, म्हणजे २४,५०० रुपये कमी पडतात.

हे अंतर भरून काढायला माझ्यासमोर सध्या तीन वाटा दिसतात: क्रेडिट कार्ड, दुकानात मिळणारा बिनव्याजी हप्ता, किंवा मोबाइलवर रोज येणारे 'मंजूर' कर्ज. कंपनी दिवाळीच्या सुमारास बोनस देते, पण रक्कम आणि तारीख आधी कळत नाही. यांपैकी कोणती वाट कमी नुकसानीची आहे, की यांतल्या एकाही वाटेला जाऊ नये? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.


सांगलीकर

मी सहकारी बँकेत कर्ज विभागात नोकरी केली आहे, त्यामुळे आधी तुमच्या तीन वाटांचे गणित मांडतो.

क्रेडिट कार्डाचे बिल ठरलेल्या तारखेला पूर्ण भरले तर व्याज लागत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. ते पूर्ण भरले नाही तर व्याज खरेदीच्या दिवसापासून धरले जाते, आणि जुनी बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते. दर बहुतेक कार्डांवर महिन्याला ३ ते ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के असतो, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. तुमचे २४,५०० रुपये साडेतीन टक्क्यांनी कार्डावर राहिले, तर पहिल्या महिन्याचे व्याज ८५७ रुपये आणि त्यावरचा कर १५४ रुपये, म्हणजे १,०११ रुपये होतात. बिलावर 'किमान देय' म्हणून ५ टक्के छापून आले असे धरू, तर ते १,२२५ रुपये होतील. ते भरून तुम्हाला हप्ता भरल्यासारखे वाटेल, पण मुद्दल उतरेल केवळ २१४ रुपयांनी. पुढच्या दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या वेळीही ही बाकी तुमच्या नावावर असेल. कार्डावरून रोख काढण्याचा विचार तर मनातही आणू नका, कारण तिथे व्याज पहिल्या दिवसापासूनच सुरू होते.

बिनव्याजी हप्त्याबद्दल लोकांचा गैरसमज मोठा आहे. शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच आक्षेप घेतलेला आहे. आज जे मिळते त्यात बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा उत्पादक तेवढी रक्कम किमतीतून कमी करून देतो. समजा, ३० हजारांची वस्तू सहा हप्त्यांत घेतली आणि बँकेचा दर १६ टक्के आहे. त्यात व्याजाचा भाग सुमारे १,३५० रुपयांचा असतो. तो सवलतीतून वळता होतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के कर, म्हणजे साधारण २४३ रुपये, तुम्हीच भरता. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये असेल तर करासह २३५ होतात. म्हणजे 'बिनव्याजी' म्हणून घेतलेल्या वस्तूचे पावणेपाचशे-पाचशे रुपये जादा गेले. एकरकमी पैसे देणाऱ्याला दुकानदार जी सूट देतो ती गेली ती वेगळीच. हे नुकसान कार्डाच्या व्याजाइतके भयंकर नाही, हे मान्य. परंतु पाचशे रुपयांपेक्षा मोठी अडचण अशी की पुढचे सहा महिने पाच हजार आधीच बांधले जातात, आणि तुमच्या घराच्या हप्त्यानंतर तेवढी सैल जागा उरत नाही.

मोबाइलवरच्या कर्जाचा तर जाहिरातीतला दर वाचूच नये. कोणतेही किरकोळ कर्ज देताना मुख्य तथ्यांचे विवरण लिखित देणे १ ऑक्टोबर २०२४ पासून बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्के धरून वार्षिक दर किती पडतो ते लिहिलेले असते. तो आकडा आधी पाहावा. जो ते विवरण दाखवत नाही त्याच्याकडून एक रुपयाही घेऊ नये.

कर्ज घेणे अगदीच अटळ झाले तर नोकरीच्या ठिकाणी पगारदार नोकरांची पतसंस्था आहे का ते पाहा. तिचे आकस्मिक कर्ज ११ टक्के दराने दहा महिन्यांसाठी घेतले, तर २४,५०० रुपयांवर एकूण व्याज सव्वा हजाराच्या आसपास जाते आणि हप्ता पगारातूनच कापला जातो. राज्य सरकारच्या काही नोकरांना सण अग्रिम बिनव्याजी मिळतो, तो तुम्हाला लागू नाही.

राहिला बोनस. कायद्याच्या चौकटीतला किमान ८.३३ टक्के बोनससुद्धा आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत दिला तरी चालतो, आणि यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तुमच्या पगाराला तर ती कायदेशीर सक्तीही लागू होत नाही. त्यामुळे बोनस हाती पडेपर्यंत तो हिशेबात धरू नका.

आता तुमची यादी पुन्हा वाचा. ३२ हजारांची अंगठी बाजूला ठेवली तर बाकी सगळा खर्च ३७,५०० होतो आणि तुमच्याकडे ४५ हजार जमणार आहेत. म्हणजे दिवाळी तुम्हाला परवडते आहे, अंगठी मात्र परवडत नाही. विचार त्या एका वस्तूचाच करायचा आहे, बाकीच्या दहा ठिकाणी कात्री लावण्याची गरज नाही.


रोहिणी, डोंबिवली

सांगलीकरांनी आकड्यांचे सांगितले. मी दोन भावांची बहीण आणि एका घरची सून या नात्याने माणसांचे सांगते, कारण हा खर्च आकड्यांत वाढण्याआधी माणसांच्या मनात वाढलेला असतो.

अंगठी मागितली कोणी, हा माझा पहिला प्रश्न आहे. व्याह्यांनी स्पष्ट मागितली असेल तर तो वेगळा आणि गंभीर विषय आहे. तसे नसेल, तर 'पहिल्या दिवाळसणाला अंगठी घालतात' हे कोणीतरी कोणालातरी म्हटले आणि ते तुमच्यावर येऊन बसले, एवढेच झालेले असते. आमच्याकडे माझ्या दिवाळसणाच्या वेळी असेच चालले होते. तेव्हा माझ्या आईने दसऱ्याच्या आधी सासूबाईंना फोन केला आणि सरळ म्हणाली, "विहीणबाई, लग्नात दोन्हीकडचा खर्च झालाय. यंदा दिवाळसण घरच्या घरी, जेवणखाण आणि कपडे एवढाच करायचा मनात आहे. तुमच्याकडे काही रीत असेल तर आत्ताच सांगा, मागाहून रुखरुख नको." सासूबाई म्हणाल्या, "अहो, मीच सांगणार होते. आमच्या लेकीच्या दिवाळसणाला आम्ही काय केलं ते आमचं आम्हाला माहीत." दोन्ही घरे एकाच काळजीत होती आणि दोघीही गप्प होत्या.

अभय, हा फोन तुम्ही करू नका. तो तुमच्या आईने विहीणबाईंना करावा, आणि तोही सप्टेंबरमध्येच, गौरी-गणपती उरकल्यावर. वसुबारसेच्या दिवशी केलेल्या फोनला टाळाटाळीचा वास येतो, तर दीड महिना आधी केलेल्या फोनला विचारपूस म्हणतात. त्याआधी तुमच्या बहिणीशी मात्र तुम्ही स्वतः बोला. तिला बाहेरून कळले तर तिला वाईट वाटेल. तुम्ही आकडे दाखवून सांगितले तर बहुधा तीच म्हणेल की अंगठी नको.

ओवाळणीबद्दलही एक सांगते. आम्ही दोन भाऊ आणि मी असे तिघांनी बसून रक्कम ठरवून टाकली आहे. ताटात पाचशे रुपये पडतात, माझ्याकडून भाऊ आणि वहिनी मिळून एक वस्तू जाते, आणि मुलांना प्रत्येकी एक पुस्तक किंवा दिवाळी अंक. हे ठरण्याआधी दरवर्षी एकाने दीड हजार दिले म्हणून दुसरा दोन हजार द्यायचा, आणि मी त्या तोलाची परतभेट शोधत बाजारात फिरायचे. त्या चढाओढीतून कोणाचाच आनंद वाढत नव्हता. चुलत बहिणींच्या बाबतीत तर सर्वांनी एका घरी जमून एकत्र भाऊबीज करणे सर्वांत बरे. प्रवास वाचतो, मिठाईचे दहा खोके वाचतात आणि भावंडांची गाठ पडते ती वेगळीच.


विदर्भवासी

रोहिणीताईंचे म्हणणे चुकीचे नाही, पण प्रत्येक घरी असा फोन करता येतो असे मी मानत नाही. काही घरांत मानपानाकडे फार बारकाईने पाहिले जाते. तिथे माहेरच्यांनी हात आखडला तर बोलणी माहेरच्यांना ऐकावी लागत नाहीत, ती त्या मुलीला वर्षभर ऐकावी लागतात. आपले २४ हजार वाचवताना बहिणीच्या वाट्याला काय येईल हे आधी तिच्याकडूनच जाणून घ्या, आणि ती अडखळली तर तिच्या मनाविरुद्ध काही करू नका.

मात्र अंगठी करायचीच ठरली, तरी ती कर्जानेच करावी लागते असे नाही. बहुतेक घरांत मोडलेले सोने पडून असते: जोड हरवलेले एक कानातले, तुटलेली साखळी, लहानपणीची बसत नसलेली अंगठी. तुमच्या आईंना विचारून पाहा. ही मोड सराफाकडे देताना आधी दोन ठिकाणी तिची शुद्धता यंत्रावर तपासून घ्यावी, वजन समोर करून घ्यावे, आणि घट किती धरली ते पावतीवर लिहून मागावे. नव्या अंगठीवर हॉलमार्कचा सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक असतो, तो १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे. तो नसेल तर अंगठी घेऊ नये. दहा ग्रॅमचा भाव एक लाखाच्या पुढे गेल्यापासून घरातल्या दोन-अडीच ग्रॅमच्या मोडीलाही चांगलीच किंमत आली आहे. तेवढी निघाली तर घडणावळ आणि फरक मिळून तुमच्या जादा साडेसात हजारांत बसण्याची शक्यता आहे.


वसुधा

मी पुण्यात घरगुती फराळाचा व्यवसाय करते. आमच्या गटात सात जणी आहेत आणि त्यांतल्या चौघी वर्षभर घरकाम करतात, म्हणून यादीतल्या एकाच ओळीबद्दल लिहिते.

मावशींची पोस्त अडीच हजार लिहिली आहे, ती कमी करू नका. तंगी आली की बहुतेक घरांत पहिली कात्री इथेच लागते, कारण या ओळीतली व्यक्ती तक्रार करत नाही. अंगठी पुढे ढकलली तर नातेवाइकांत दोन दिवस चर्चा होईल. पोस्त अर्धी झाली तर तिच्या मुलांचे कपडे येत नाहीत. ज्या घरी वर्षभर रोज काम केले जाते तिथे एका महिन्याचा पगार पोस्त म्हणून द्यावा, अशी रीत अनेक घरांत आहे आणि ती योग्यच आहे. आणखी एक विनंती अशी, की ही रक्कम धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी हातात द्यावी. तिलाही बाजार करायचा असतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मिळालेल्या पाकिटातून खरेदी करायची म्हणजे उरलेला माल चढ्या भावाने घ्यावा लागतो, किंवा आधी कोणाकडून उसने घेऊन मग फेडावे लागतात. त्या उसन्याचे व्याज तुमच्या क्रेडिट कार्डापेक्षाही जास्त असते.

फराळाबद्दल इतकेच, की चकलीची भाजणी आणि अनारशाचे पीठ घरी केले, बाकीचे बचत गटाकडून घेतले आणि आहेराबरोबर मिठाईच्या खोक्याऐवजी फराळाचा डबा दिला, तर खर्च उतरतो आणि घेणाऱ्यालाही ते आवडते.


अभय, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बहिणीशी बोललो. अंगठीची अपेक्षा तिच्या सासरी कोणी बोलून दाखवलेली नाही. तो विषय आमच्या आत्याने काढला होता. जावयांना मनगटी घड्याळ आवडते असे तिने स्वतःहून सांगितले, ते साडेसात हजारांत बसते. आई गौरी-गणपतीनंतर विहीणबाईंना फोन करणार आहे. मोडलेले सोने आईने काढून दाखवले, पण तिच्या आईचे एक कानातले त्यात आहे, आणि ते आटवायला माझे मन झाले नाही. पोस्त जशी आहे तशीच राहील आणि ती ऑक्टोबरच्या पगारातून लगेच देईन.

अंगठीचे पुढच्या दिवाळीला पाहू असे ठरले आहे, म्हणून एक प्रश्न उरतो. त्यासाठी आतापासून पैसे कुठे साठवावेत? एका सराफाची अकरा हप्त्यांची योजना समोर आली आहे, कार्यालयात भिशी चालते, आणि वडील पोस्टाचे नाव घेतात.


सांगलीकर

आधी कालावधी पाहा, कारण अधिक मासाने इथे एक गंमत केली आहे. मागची दिवाळी २१ ऑक्टोबर २०२५ ला होती आणि यंदाची ८ नोव्हेंबर २०२६ ला, त्यामुळे महिनाअखेर पगार होणाऱ्याला मध्ये तेरा पगार मिळतात. पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबर २०२७ ला आहे, म्हणजे नोव्हेंबर २०२६ ते सप्टेंबर २०२७ असे अकराच पगार हाती येतील. दरमहा तेवढेच पैसे टाकत राहिलात तर पुढच्या वर्षी दोन महिन्यांची रक्कम कमी पडेल. वार्षिक अंदाजाला बारानेच भागायची सवय असलेल्या घरांचा हिशेब नेमका अशा वर्षी चुकतो.

सराफाची योजना अकरा महिन्यांचीच असते याला कारण आहे. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती झाली नाही तर ती ठेव समजली जाते, आणि ठेवी घेण्याची परवानगी सराफाला नसते. या पैशांना बँक ठेवीसारखे विमासंरक्षण नाही. पेढी बंद पडली तर ठेवीदारांच्या हितासाठी १९९९ चा राज्याचा कायदा आहे, परंतु त्याखाली पैसे परत मिळायला किती वर्षे जातात हे मी जवळून पाहिले आहे. शिवाय शेवटी दागिना त्याच पेढीतून घ्यावा लागतो आणि घडणावळीचा दर तीच ठरवते. मी तुमच्या जागी असतो तर यात पडलो नसतो.

कार्यालयातली भिशी ओळखीच्या आठ-दहा जणांची असेल तर हरकत नाही, पण तुमचा नंबर ऑक्टोबरमध्येच लागेल याची खात्री सुरुवातीलाच करून घ्यावी लागेल. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, त्यामुळे या कामाला ती उपयोगाची नाही. पतसंस्थेच्या ठेवींना ५ लाखांचा ठेव विमा लागू नसतो, बँकेच्या ठेवींना तो असतो, सहकारी बँकांच्याही.

म्हणून साधी बँकेची आवर्ती ठेव करा. बऱ्याच बँकांत ती सहा महिन्यांपासून पुढे तीन-तीन महिन्यांच्या पटीत मिळते. यंदाची दिवाळी उरकली की नोव्हेंबर-डिसेंबरचे पैसे बचत खात्यात ठेवा आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नऊ महिन्यांची ठेव उघडा. दरमहा अडीच हजार टाकलेत तर ऑक्टोबर २०२७ च्या पहिल्या आठवड्यात २२,५०० रुपये आणि वर पाच-सहाशे व्याज हातात येईल. हप्त्याची तारीख पगारानंतरच्या दुसऱ्या दिवसाची द्या आणि रक्कम खात्यातून आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला लिहून द्या. यंदाचा बोनस आला तर तो सगळा याच अंगठीसाठी मुदत ठेवीत टाका, कारण तोपर्यंत दिवाळीचा खर्च होऊन गेलेला असेल आणि त्या रकमेवर दुसऱ्या कशाचा हक्क नसेल.


रोहिणी, डोंबिवली

अभय, घड्याळाची पावती आणि हमीपत्र बहिणीकडे द्यायला विसरू नका. पट्टा मनगटाला सैल किंवा घट्ट झाला तर दिवाळीनंतर तीच दुकानात जाऊन बदलून आणेल. आणि आत्यांनाही तुमच्या आईनेच आधी सांगितलेले बरे. त्यांना पाडव्याच्या दिवशी सगळ्यांसमोर कळले तर विषय पुन्हा निघेल.